जनसंपर्काच्या इंटर्नना आधी मराठी प्रेसनोट लिहायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला, म्हणजे विद्यार्थी ज्याला 'ओजेटी' म्हणतात त्याला, श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, चार श्रेयांकांना १२० तास. रोजचे आठ तास धरले तर हे १५ कामाचे दिवस होतात. पत्रकारिता, व्यवस्थापन आणि मराठी साहित्याचे अनेक विद्यार्थी हे तास जनसंपर्क संस्थांमध्ये किंवा रुग्णालये, बँका, कारखाने, महापालिका यांच्या जनसंपर्क विभागांत काढतात. काही जण उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिपही करतात. त्यांना तिथे काय शिकवले जाते आणि काय शिकवायला हवे, याबद्दल लिहीत आहोत. आम्ही या क्षेत्रात काम करतो आणि नवोदितांना शिकवतोही. पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण सरळ आहे : या शिकण्यातली कसर पहिल्यांदा वृत्तपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेला मजकूर तपासून पानात लावणाऱ्या विभागात, दिसते.

बहुतेक ठिकाणी इंटर्नकडे तीन कामे येतात : सकाळी कात्रणे काढणे, पत्रकारांची यादी अद्ययावत करणे आणि इंग्रजी प्रेसनोट यंत्राकडून मराठीत करून घेणे. पहिली दोन कामे नीट शिकवली तर चांगलीच आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. तिसरे काम मात्र नुकसान करते. ज्याला मराठीत बातमी मांडता येत नाही, त्याच्यासमोर यंत्राने केलेला मजकूर ठेवून 'जरा बघून घे' म्हटले, तर तो काय बघणार? त्याला शुद्धलेखन दिसते, पण वाक्य मराठी नाही हे दिसत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पहिल्या दिवसापासून इंटर्नने प्रेसनोट थेट मराठीत लिहावी, तीही टिपणांवरून, इंग्रजी मसुद्यावरून नव्हे. आणि प्रत्येक मसुदा वरिष्ठाने पेन घेऊन, त्याच्याशेजारी बसून दुरुस्त करावा.

एक नमुना घेऊ. समजा, एका रुग्णालयाने नेत्रतपासणी शिबिर घेतले. नेहमी येणारी नोट अशी असते : 'आरोग्य क्षेत्रातील अग्रगण्य असलेल्या अमुक रुग्णालयाद्वारे सामाजिक बांधिलकीचा एक भाग म्हणून मोफत नेत्रतपासणी शिबिराचे आयोजन करण्यात आले होते, ज्यामध्ये ३१२ रुग्णांनी सहभाग नोंदवला.' उपसंपादक हे वाक्य उलटे करूनच वापरतो, किंवा वापरतच नाही. हेच असे लिहिता येते : 'वाई तालुक्यातील सात गावांतल्या ३१२ जणांचे डोळे रविवारी (दि. ८) मोफत तपासण्यात आले. त्यांपैकी ४१ जणांना मोतीबिंदू आढळला असून, त्यांची शस्त्रक्रिया याच महिन्यात अमुक रुग्णालयात विनाशुल्क होणार आहे.' दुसऱ्या मसुद्यात गाव आहे, आकडा आहे आणि पुढे काय होणार तेही आहे. पहिल्या मसुद्यात यातले एवढेच होते की ३१२ लोक आले. बाकीची माहिती नोट लिहिणाऱ्याने विचारलीच नव्हती. इथे खरा धडा भाषेच्याही आधी सुरू होतो : शिबिराच्या आयोजकाला फोन करून कोणती गावे, किती जणांना काय निघाले, पुढचा खर्च कोण करणार, हे विचारणे. 'अग्रगण्य', 'बांधिलकी', 'स्तुत्य उपक्रम' हे शब्द बहुधा माहितीची जागा भरायला आलेले असतात. माहिती मिळाली की ते आपोआप गळतात.

प्रेसनोटची लांबी २५० ते ३०० शब्द, म्हणजे ए-फोरचे एक पान. त्याहून मोठी नोट डेस्क कापतो, आणि कापताना खालून कापतो. म्हणून महत्त्वाचे ते वर. शीर्षक सहा ते आठ शब्दांचे. त्यात संस्थेचे नाव असलेच पाहिजे असा ग्राहकाचा, म्हणजे जिच्यासाठी नोट लिहितो त्या संस्थेचा, आग्रह असतो, पण त्या नावात बातमी नसेल तर डेस्क शीर्षक बदलणारच, हे ग्राहकाला आधीच सांगायला शिकवावे. त्यानंतर गाव आणि तारीख. पहिला परिच्छेद ४० शब्दांच्या आत. दुसऱ्यात तपशील. तिसऱ्यात कोणाचे तरी म्हणणे, एकाचेच, आणि ते माणूस बोलेल असे. 'या उपक्रमाचा भाग होताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' हे कोणीही बोलत नाही. शेवटी संस्थेची दोन ओळींत ओळख आणि संपर्कासाठी एक नाव व एक चालू क्रमांक. हा क्रमांक उचलणारा माणूस संध्याकाळी सात वाजताही उपलब्ध असला पाहिजे, कारण डेस्कला शंका तेव्हाच येते.

उपस्थितांच्या यादीबद्दल थोडे अधिक. 'यावेळी सर्वश्री अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते' हा परिच्छेद बातमीसाठी निरुपयोगी असला तरी अनेक संस्थांसाठी सगळ्यात जिव्हाळ्याचा असतो. तो टाळता येत नसेल तर शेवटी ठेवावा आणि नावे अचूक असावीत. इंग्रजी निमंत्रणपत्रिकेवरून मराठी नाव लिहिताना हमखास चूक होते. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांत भेद राहत नाही. त्यामुळे काळे यांचे काले होतात, राणे यांचे राने, साठे यांचे साथे. गावांचेही तसेच : तळेगाव, पेण, कळवण, माण. नियम असा लावून द्यावा की, रोमन लिपीतून आलेले प्रत्येक आडनाव आणि गावाचे नाव फोन करून विचारल्याशिवाय नोटेत जाणार नाही. यादीतल्या १२ नावांना जेमतेम १५ मिनिटे लागतात. नाव चुकलेला माणूस मात्र ती नोट कित्येक वर्षे विसरत नाही. पदनामांसाठी भाषा संचालनालयाचा पदनाम कोश हाताशी ठेवावा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कार्यकारी अभियंता यांत गल्लत झाली की सरकारी कार्यालय पत्र पाठवून कळवतेच. जुन्या याद्यांत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर तशीच पडून असतात. त्यांच्या जागी छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर हवे. पण संस्थेच्या नोंदणीकृत नावात जुने नाव असेल तर ते आपल्या मनाने बदलू नये.

आकड्यांचे शिक्षण तर जवळजवळ कुठेच मिळत नाही. इंग्रजी नोटेत दहा लाखांना एक मिलियन म्हणतात आणि शंभर कोटींना एक बिलियन. घाईत शून्य वाढते किंवा गळते आणि अडीचशे कोटींची गुंतवणूक पंचवीस कोटींची होऊन छापली जाते. अडीच बिलियन म्हणजे २५० कोटी, हे कागदावर मांडून मगच लिहावे. टक्केवारीत आणखी एक खड्डा आहे. नफ्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले, तर ते दोन टक्क्यांनी वाढले असे लिहिणे चूक आहे. ते २५ टक्क्यांनी वाढले, किंवा सरळ '८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले' असे लिहावे. शेवटचे वाक्य सर्वांत सुरक्षित. कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असेल, तर दुसरी तिमाही जुलै ते सप्टेंबर ही असते. वाचकासाठी महिने लिहावेत. तारीखही ६/७ अशी न लिहिता '६ जुलै, रविवार' अशी वाराबरोबर लिहावी, म्हणजे वार आणि तारीख जुळत नसेल तर चूक पाठवण्यापूर्वीच पकडली जाते.

आता शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली आणखी ४ आले. एकूण १८ नियम एका बैठकीत वाचून होतात. इंटर्नला ते सगळे पाठ करायला लावण्यापेक्षा प्रेसनोटेत रोज लागणारे चार-पाच पक्के करावेत. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ : कवी, गुरू, निधी, कृषी, अपवाद आणि, नि, परंतु, तथापि. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला (तत्सम) शब्द मुळात ऱ्हस्वान्त असेल, तर समासात आधी आल्यावर तो ऱ्हस्वच : कृषिमंत्री, शक्तिप्रदर्शन, बुद्धिवैभव. शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना मराठी शब्दांत ते ऱ्हस्व होते : गरीब पण गरिबांना, जमीन पण जमिनीवर, फूल पण फुलांची, गावांच्या नावांतही कोल्हापूर पण कोल्हापुरात, चिपळूण पण चिपळुणात. आणि प्रत्यय शब्दाला जोडून. 'कंपनी च्या', 'विद्यार्थ्यां साठी' अशी तुटलेली रूपे हल्ली मोबाइलच्या सूचनापट्टीमुळे फार येतात. एकेक शब्द निवडला की मधे जागा पडते, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्याला ती सवयीची होते.

टंकलेखनाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण त्यातली चूक पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दिसतच नाही. अनेक संस्थांत अजूनही युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर तयार होतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो. पीडीएफ केली तर दिसायला ठीक दिसते, पण डेस्कवरचा माणूस त्यातून मजकूर उचलायला गेला की पुन्हा तोच कचरा. मग त्याला नोट पुन्हा टाइप करावी लागते, आणि संध्याकाळच्या घाईत ती बाजूला पडते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइल जोडलेली आणि तोच मजकूर थेट मेलमध्येही डकवलेला, अशी पद्धत हवी. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये परिवर्तन केले, तर सगळा मजकूर पुन्हा वाचायचाच. ऱ्य, ऱ्ह, रफार आणि जोडाक्षरे तिथे बिघडतात. 'साताऱ्यात' या शब्दावर नजर टाकली की परिवर्तन नीट झाले की नाही ते लगेच कळते.

इंटर्नला इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकवावा, असे आमचे ठाम मत आहे. उच्चारानुसार टाइप करण्याची साधने सोपी वाटतात, पण ती शब्द सुचवतात आणि घाईत चुकीचा शब्द निवडला जातो. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. अक्षराचा पाय मोडायला डी ही कळ. 'ऱ्य' हवा असेल तर शिफ्टसह जे, मग डी, मग य साठी तिरप्या रेषेची कळ. रोज पाऊण तास सराव केला तर १५ दिवसांत बोटांना जागा सापडतात. वेग नंतर येतो. आणखी एक बारकावा : 'ॲप' हा शब्द दोन प्रकारांनी टाइप होतो. एकात ॲ हे एकसंध अक्षर असते, दुसऱ्यात अ वर वेगळी चंद्राची खूण बसवलेली असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे आहेत. त्यामुळे दहा पानांच्या मजकुरात 'शोधा आणि बदला' केल्यावर निम्मे शब्द तसेच राहतात. एका कार्यालयाने एकच पद्धत ठरवून घ्यावी.

छायाचित्रांबद्दल डेस्कची तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. वर्ड फाइलमध्ये चिकटवलेला फोटो छपाईला चालत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक होतो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. वर्तमानपत्रात १५ सेंटिमीटर रुंद फोटो ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापायचा तर तो रुंदीला सुमारे १८०० पिक्सेल हवा. मेलला दोन फोटो पुरेत, एक आडवा, एक उभा. रिबिन कापतानाचा किंवा दहा जण एका रांगेत उभे असलेला फोटो शक्यतो नको. शिबिराचा फोटो असेल तर त्यात तपासणी चाललेली दिसू दे. फाइलचे नाव 'आयएमजी' आणि पुढे आकडे असे न ठेवता तारीख, गाव आणि विषय असे ठेवावे. फोटोखालची ओळ फोटोसोबतच लिहावी : कोण, 'डावीकडून' क्रमाने, पदासह, कुठे, कधी. रांगेतल्या एकाचे नाव ठाऊक नसेल तर ते विचारावे किंवा फोटो बदलावा. मधलेच एक नाव गाळले तर पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात.

आता वेळ. दैनिकाचे घड्याळ माहीत नसणे हे इंटर्नचेच नव्हे, अनेक अनुभवी मंडळींचेही दुखणे आहे. जिल्हा आवृत्त्या शहर आवृत्तीच्या आधी छापायला जातात, कारण गाड्यांना लांब जायचे असते. त्यामुळे सातारा किंवा सोलापूरसाठीची नोट संध्याकाळी सातला पाठवून उपयोग नाही. सकाळी ११ चा कार्यक्रम असेल तर दुपारी दोनपर्यंत नोट आणि फोटो दोन्ही गेले पाहिजेत. हे जमायचे तर नोटेचा साचा आदल्या दिवशी तयार हवा. कार्यक्रमानंतर फक्त आकडे, प्रत्यक्ष आलेल्यांची नावे आणि भाषणातले एखादे वाक्य भरायचे. मात्र पाहुणा आलाच नाही आणि नोटेत त्याच्या हस्ते उद्घाटन झाले, असा प्रकारही याच साच्यामुळे होतो. म्हणून साच्यातला प्रत्येक न तपासलेला मजकूर पिवळ्या रंगात ठेवावा आणि पिवळे शिल्लक असेपर्यंत मेल जाऊ नये. पुरवण्यांची पाने काही दिवस आधी लागतात. त्यांच्यासाठीचा मजकूर त्याच दिवशी पाठवणे व्यर्थ आहे.

मेल पाठवताना सगळ्या पत्रकारांचे पत्ते 'टू' किंवा 'सीसी'च्या रकान्यात टाकले की सगळी यादी सगळ्यांना दिसते. ती 'बीसीसी'त जायला हवी. त्याहून चांगले म्हणजे महत्त्वाच्या दहा-बारा जणांना स्वतंत्र मेल. विषयाच्या ओळीत 'प्रेसनोट' एवढेच न लिहिता गाव आणि बातमी लिहावी. यादी एक्सेलमध्ये : नाव, वृत्तपत्र, आवृत्ती, विषय (आरोग्य, शिक्षण, महापालिका, उद्योग), मेल, क्रमांक, फोनची सोयीची वेळ आणि शेवटचा रकाना 'माहिती कधी तपासली'. हा शेवटचा रकाना नसेल तर सहा महिन्यांत यादी कुजते, कारण पत्रकारांचे विषय आणि नोकऱ्या बदलत असतात. ही लोकांची वैयक्तिक माहिती आहे, ती इंटर्नने स्वतःच्या मोबाइलवर किंवा खासगी मेलवर नेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर याची जाण पहिल्याच दिवशी करून द्यायला हवी.

फोन करणे हे इंटर्नला सर्वांत अवघड जाते. इंग्रजी माध्यमातून आलेली मुले मराठी पत्रकाराशी हिंदीत सुरुवात करतात, मग दोघेही अवघडतात. चार वाक्ये कागदावर लिहून फोन करायला हरकत नाही : 'नमस्कार, मी अमुक संस्थेतून बोलतेय. दोन मिनिटं बोलता येईल का? वाईच्या शिबिराची नोट दुपारी दीडला पाठवली आहे. काही माहिती कमी वाटली तर मी लगेच मिळवून देते.' एवढेच. 'छापणार ना?', 'कधी येईल?' हे प्रश्न विचारायचे नाहीत. बातमी छापायची की नाही हा निर्णय वृत्तपत्राचा आहे. जाहिरातीचा उल्लेख तर कुठल्याही फोनमध्ये होता कामा नये. जाहिरात आणि बातमी यांतली भिंत जनसंपर्कवाल्यांनी जपली नाही, तर ती कोणीच जपणार नाही. संध्याकाळी सहा ते नऊ डेस्कला फोन नको, कारण तेव्हा पाने लागत असतात. समोरचा घाईत तुटक बोलला तर ते मनावर घ्यायचे नसते, हेही कोणीतरी सांगावे लागते.

कात्रणांचे काम कमी दर्जाचे मानू नये, असे वर म्हटले. नीट केले तर त्यातून मुले बातमी वाचायला शिकतात. प्रत्येक कात्रणावर वृत्तपत्र, आवृत्ती, तारीख, पान आणि लांबी-रुंदी असावी. ई-पेपरचा दुवा नंतर उघडेलच असे नाही, म्हणून पानाची प्रत त्याच दिवशी साठवावी. पण पुढचा भाग बहुतेक ठिकाणी होत नाही : आपण पाठवलेली नोट आणि छापून आलेली बातमी शेजारी ठेवून, डेस्कने काय कापले, कोणता परिच्छेद वर घेतला, शीर्षक काय केले, हे लाल पेनने दाखवणे. अशा दहा जोड्या एखाद्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात. त्याऐवजी इंटर्न त्या जागेला जाहिरातीचा दर लावून 'इतक्या लाखांची प्रसिद्धी' असा तक्ता बनवत बसतो. जनसंपर्काचे मोजमाप करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीने २०१० मध्ये ठरवलेल्या बार्सिलोना तत्त्वांत ही पद्धत स्पष्ट नाकारली आहे. जाहिरातीच्या जागेची किंमत म्हणजे बातमीचे मोल नव्हे. तरी आपल्याकडे ग्राहक तो तक्ता मागतात आणि आम्ही देतो. मुलांना निदान तो तक्ता काय सांगत नाही, हे सांगायला हवे. शिबिराची बातमी वाचून पुढच्या आठवड्यात किती जणांनी तपासणीसाठी फोन केला, ही नोंद त्याहून उपयोगी असते.

कार्यालयीन पत्रव्यवहार हा आणखी एक दुर्लक्षित भाग. कार्यक्रमासाठी पोलीस ठाणे, महापालिका, शाळा यांची परवानगी लागते आणि ते पत्र मराठीत जाते. वर जावक क्रमांक आणि दिनांक, मग प्रति, विषय, असल्यास संदर्भ, मग महोदय. विषयाच्या एका ओळीत मागणी, ठिकाण आणि तारीख आली पाहिजे. मजकूर दोन परिच्छेदांपलीकडे नको. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का व तारीख घेऊन परत आणायची. ही पोच नसेल तर पत्र दिलेच नव्हते असे धरले जाते. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी जावे. कोण काय बोलले याची जंत्री त्यात नसते. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत, एवढेच पुरते.

पत्रकार परिषदेच्या तयारीत इंटर्न पुष्कळ शिकतो, फक्त त्याला पाण्याच्या बाटल्या मोजायला ठेवू नये. निमंत्रण दोन दिवस आधी, आठवण त्या दिवशी सकाळी. विषय निमंत्रणातच स्पष्ट हवा. 'महत्त्वाची घोषणा' म्हणून बोलावले की पत्रकार येत नाहीत, आणि एकदा फसलेले पुढच्या वेळी नक्कीच येत नाहीत. वक्त्यांच्या नावांच्या पाट्या दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या, वाहिन्यांच्या माइकसाठी टेबलावर मोकळी जागा, विजेचे पुरेसे प्लग, छापील नोट दारातच. भेटवस्तू नको. प्रश्नोत्तरांत कोणी काय विचारले याची नोंद इंटर्नने ठेवावी. ज्यांची उत्तरे तिथे मिळाली नाहीत त्यांना संध्याकाळी पाचच्या आत उत्तर पोहोचवणे हे त्या दिवसाचे सर्वांत मोलाचे काम.

चुकीची बातमी छापून आली तर खुलासा कसा लिहायचा, हेही शिकवावे. दिनांक, पान आणि शीर्षक देऊन बातमी ओळखायची, चुकलेले विधान जसेच्या तसे उद्धृत करायचे, खरी वस्तुस्थिती सांगायची आणि कागद जोडायचा. १५० शब्द पुरे. 'खोडसाळ', 'बदनामीचा डाव' असले शब्द आले की खुलासा वादाचा होतो आणि चूक दुरुस्त व्हायची राहून जाते. बातमी खरी असेल तर खुलासा लिहायचाच नाही. ग्राहकाला हे सांगण्याचे धैर्य वरिष्ठाने इंटर्नसमोर दाखवावे.

लिहून देणाऱ्या नव्या संगणकीय साधनांबद्दल विचारणा होते. ती वापरू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण ती न बोललेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालतात, आणि तसे वाक्य अवतरणचिन्हांत छापून गेले तर जबाबदारी नोट पाठवणाऱ्याची असते. अवतरणातले प्रत्येक वाक्य त्या व्यक्तीला वाचून दाखवून होकार घेतलेला असावा, तो होकार मेलवर असावा. मराठीच्या बाबतीत ही साधने 'पुणे-आधारित कंपनी' आणि इंग्रजी 'प्लांट'साठी कारखान्याऐवजी 'वनस्पती'ही लिहून मोकळी होतात. ज्याने आधी स्वतः पन्नास नोटा लिहिल्या आहेत, त्यालाच ही चूक दिसते.

आता मागणे. महाविद्यालयांनी ओजेटीच्या मूल्यमापनात हजेरीपत्रक आणि प्रमाणपत्र यांवर न थांबता विद्यार्थ्याची कामाची फाइल मागावी : किमान १० मराठी प्रेसनोटा, प्रत्येकीचा पहिला मसुदा, त्यावरच्या वरिष्ठाच्या दुरुस्त्या आणि अंतिम प्रत, एक परवानगीपत्र पोचेसह, एक इतिवृत्त, एक खुलासा. ग्राहकाची गोपनीय माहिती झाकून हे सहज देता येते. जनसंपर्क संस्थांनी प्रत्येक इंटर्नमागे रोज अर्धा तास दुरुस्तीसाठी राखावा आणि विद्यावेतन द्यावे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली शासनाने पदवीधरांसाठी दरमहा १० हजार रुपये ठरवले. पूर्णवेळ काम करून घेणाऱ्या खासगी संस्थांनी त्याहून कमी देण्याचे कारण दिसत नाही. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जिल्हा कार्यालयांच्या नोटा रोज 'महासंवाद' या शासकीय संकेतस्थळावर येतात. त्यांतली एक घेऊन १२० शब्दांत बसवणे, हा सरावही कोणत्याही महाविद्यालयाला फुकटात करून घेता येईल.

आणि आपल्याला विनंती. महिन्यातून एकदा, पाने लागण्याच्या वेळेआधी, आपल्या वृत्तसंपादकांपैकी कोणी पाच-सहा इंटर्नना डेस्कवर बोलावून त्या दिवशी आलेल्या नोटांपैकी कोणत्या बाजूला ठेवल्या आणि का, हे दाखवले तर फार उपयोग होईल. पाठवणाऱ्यांची नावे झाकून दाखवली तरी चालतील. यासाठी मुलांची निवड, वेळ ठरवणे आणि त्यांना आणणे-नेणे ही जबाबदारी आम्ही घेऊ.

कळावे,
आपले नम्र,
जनसंपर्क क्षेत्रात काम करणारे व शिकवणारे काही सहकारी, पुणे